अरुंधतीचा उजेड चोपड्यात

मी अरुंधतीचा उजेड बोलतोय. हो, तीच अरुंधती, सप्तर्षींत वसिष्ठाला बिलगून असलेली, लग्नात नवरीला दाखवतात ती.

आज तुमच्या अंगणात पोचलो, तो मी निघालो तेव्हा तुमचे आजोबा रांगत असतील. माझ्याइतकं जोरात जगात कोणी पळत नाही, तरी ऐंशीएक वर्षं लागली. वाटेत चहासुद्धा नाही.

दिसायला मी पांढरा. म्हणजे माझं घर तुमच्या सूर्याहूनही तापलेलं. तांबूस तारे त्या मानानं गार. पोटात मात्र सगळे रंग आहेत. कोणी लोलकातून ते उलगडले, की मधेमधे काळ्या रेघा दिसतात. तिथले रंग ताऱ्यावरच्या वायूंनी खाल्लेले! त्या रेघांवरून आमच्या घरात काय काय भरलंय ते तुम्हाला कळतं. माझ्या पोटात काही राहतच नाही.

परवा चोपड्याला लताबाईंच्या चंदनचं लग्न होतं. बाईंचा नेम असा, की सुनेला खरोखर अरुंधती दिसेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही. सकाळपासून नुसत्या पाण्यावर होत्या. आणि मांडवाला असले झगझगीत दिवे, की मी अंगणभर सांडूनही कोणाला दिसेना.

गुरुजींनी सातपुड्याच्या अंगाला बोट केलं. "दिसली का?"

"दिसली, दिसली!" सगळ्यांनी हात जोडले. लताबाईंचे थोरले दीर रतिलालनाना तर डोळे मिटून उभे!

"पण ती सरकतेय," नवरी मयुरी म्हणाली.

तो फोटोवाल्याचा ड्रोन होता.

"दिसनी म्हन ना, बेटा!" नाना कळवळले. "बट्ट्या थंड्या व्हई राहिन्यात."

"न दिसता कसं म्हणू, नाना? आईंचा उपास आहे."

लताबाईंना भोवळ येत होती, तरी हसल्या. "नको म्हणूस, बाई. मी थांबते."

नानांनी एकदा त्यांच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, एकदा पंगतीसाठी तळून ठेवलेल्या बट्ट्यांच्या टोपल्याकडे, आणि मांडव हादरेल असे ओरडले, "बठ्ठा लाईट बंद कर रे भाऊ!"

अंधार झाला. मी सरळ मयुरीच्या डोळ्यांत.

"आई! वसिष्ठाजवळ, बारीकशी! तुम्हीपण बघा ना."

लताबाईंच्या डोळ्यांत पाणी दाटलं होतं. त्यात मी जरा वेडावाकडा झालो, पण पोचलो.

अजून येतोच आहे मी. पुढची ऐंशी वर्षं पुरेल इतका तर वाटेवरच आहे. तुमच्या घरी मंगलकार्य असलं, की घटकाभर दिवे मालवा आणि मान वर करा, माय. मला पाट नको, पाणी नको. टेकायला एक डोळा पुरे.