लोहाराची पक्कड

लोहाराने पक्कड निखाऱ्यांवर धरली, तेव्हाच बायकोने ओळखलं की स्वारीचं डोकं फिरलंय.

त्याच्या कानापुढची कॅन्सरची गाठ काढून, वर किरणं घेऊन दोन वर्षं झाली होती. गाठ गेली ती तोंडातली लाळही घेऊन गेली. घास ढकलायला पाणी लागायचं, जबडा जेमतेम दोन बोटं उघडायचा आणि दात एकामागून एक किडत होते. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "काका, दात कितीही ठणकला तरी घरी उपटायचा नाही. किरणांनी हाड अर्धमेलं झालंय. जखम भरणार नाही, जबडाच सडेल."

आज दाढ ठणकत होती.

"अहो, उद्या दवाखान्यात जायचंच आहे. रात्रभर दम धरा की!"

"तुझ्या तोंडात आहे का ती? अख्ख्या गल्लीचे दात उपटलेत या पकडीने. तुझीही दाढ उपटलीय, नवी नवरी होतीस तेव्हा!"

उपटली होती खरी. मग त्याने स्वतःच्या ओंजळीने तिला पाणी पाजलं होतं. त्या ओंजळीवर तिने या तापट माणसाचा जन्मभराचा जाच सोसला होता.

तिने पकडीवर झडप घातली. तळहात चरचरला, तरी सोडली नाही. त्याने मुठीने तिच्या तोंडावर मारलं आणि भिंतीवर ढकललं. तिचं कपाळ फुटलं, रक्त डोळ्यात ओघळलं.

"मर तिकडे!" म्हणत त्याने पक्कड पाण्यात विझवून तोंडात खुपसली. तोंड पुरतं उघडेना. पक्कड निसटली, ओठ टरकन फाटला. रक्त थुंकायला तो वाकला आणि पक्कड धरलेला हात ऐरणीवर टेकला.

आयुष्यभर तापल्या लोखंडावर तो हातोडीने जागा दाखवायचा आणि ती तिथेच घण घालायची. नेम कधी चुकला नव्हता. आज तिने घण सोडून हातोडी उचलली आणि त्याच्या मनगटावर घातली.

हाड मोडल्याचा आवाज झाला. पक्कड खाली पडली.

"सटवे! हात मोडलास माझा!"

"मोडला. हाताचं हाड जुळतं." तिने पक्कड उचलून भट्टीत फेकली. "दाढ आहे का जागेवर?"

तो गुरासारखा कण्हत होता. तरी जीभ फिरवून त्याने पाहिलं आणि मान डोलावली.

पदराने डोळ्यातलं रक्त पुसून तिने भाजलेल्याच हाताची ओंजळ केली, पाण्याने भरली आणि त्याच्या फाटलेल्या ओठांना लावली.

"प्या. मग दवाखान्यात जाऊ."