'लवकरच'च्या पाटीखालची सुरमई

“शेठ, ‘लवकरच’ म्हणजे नक्की कधी?”

मित्रांनो, हा प्रश्न विचारायला रिद्धीला तिच्या मैत्रिणींनी पैज लावून पाठवलं होतं. रिद्धी सातपाटीची, यंदा दहावीत जाणारी. मैत्रिणी भेळेच्या गाडीमागे लपून खिदळत होत्या आणि ही तिकीट-खिडकीसमोर कमरेवर हात ठेवून उभी! खिडकीत बागेचे मालक दिग्विजयशेठ मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. त्यांनी वर पाहिलंच नाही. मी मात्र कान टवकारले. माझा जीव त्याच एका शब्दात अडकला होता.

मी एक जुनी रोलर कोस्टर आहे. पालघर-बोईसर रस्त्यालगतच्या एका छोट्या करमणूक बागेत माझे रूळ आहेत. माझ्या पुढच्या डब्याला माशाचं तोंड आहे, म्हणून माझं नाव सुरमई.

वेल्डिंगच्या ठिणग्यांत माझा जन्म झाला. मग ट्रकमधून तुकड्यातुकड्यांनी इथे आले. मला चालवणाऱ्या शांतारामकाकांनी नारळ फोडून माझा खटका ओढला आणि मी पहिला चढ चढले, तेव्हा पलीकडच्या ताडांचे शेंडे दिसले. काय सांगू, अस्सा आनंद झाला!

मग काय, रांगाच रांगा! सालवडच्या कारखान्यांतले कामगार सुट्टीच्या दिवशी पोरंबाळं घेऊन यायचे आणि “ए भाई, एक राउंड और!” म्हणून काकांच्या मागे लागायचे. एकदा रिद्धीचे बाबा वामन तांडेल माझ्या पुढच्या डब्यात बसले. भर दर्यात लाटांना न डरणारा माणूस, पण पहिल्याच उतारावर “आये गं!” म्हणून दांडीला जे बिलगला, तो खाली येईपर्यंत सुटला नाही. शेजारी रिद्धीची आई हिराबाई हसून हसून बेजार. “दर्याचे राजे, डोळे उघडा आता! बंदर आलं!”

ते हसू मी अजून जपून ठेवलंय. त्यानंतर फारसं काही जपण्यासारखं घडलंच नाही.

गेल्या दिवाळीत, सुट्टी लागायच्या तोंडावर, दिग्विजयशेठनी माझ्या डोक्यावर एक भलामोठा फ्लेक्स लावला. ‘लवकरच येत आहे! नवी भव्य रोलर कोस्टर!’ त्यांना वाटलं, गर्दी दुप्पट होईल. लोक आले, फ्लेक्सखाली उभं राहून फोटो काढले आणि म्हणाले, “नवी आली की येऊ.” गेले ते गेलेच. तिकिटं खपली नाहीत, म्हणून नवी आली नाही. आणि नवी येणार म्हणून मला कुणी तेलाचा थेंबही घातला नाही, मी बंदच पडले.

एकटेपणाचाही एक आवाज असतो, मित्रांनो. माझा तर फ्लेक्सचा होता. वारा सुटला की तो दिवसभर फडफडायचा. माझ्या तिसऱ्या डब्यात एका मांजरीनं पिल्लं घातली, तेव्हा किती दिवसांनी अंगावर ऊब आली! मग पिल्लं मोठी झाली, उड्या मारत निघून गेली आणि डबा पुन्हा गार पडला. शांतारामकाकांना शेठनी फाटकावर बसवलं होतं. येता-जाता ते माझ्या माशाच्या तोंडावर थाप मारायचे, तेवढंच.

“शेठ, विचारलं ना मी!” रिद्धीनं खिडकीवर टकटक केलं.

शेठनी मोबाइल खाली ठेवला. “नाही येत ती.”

“मग पाटी कशाला?”

“उतरवायची हिंमत होत नाही, बाळा.”

भेळेच्या गाडीमागून मैत्रिणींची डोकी बाहेर आली. रिद्धीनं वळून माझ्याकडे पाहिलं. “आनि सुरमई?”

“पावसाआधी भंगारवाला नेईल.”

मी गंजले होते, पण बहिरी झाले नव्हते.

रिद्धीचा आवाज चढला. “माझी आये बाजारात बसते ना, ती ‘संध्याकाळी पापलेट येनार’ असं कधीच ओरडत नाय. मग टोपलीतला बांगडा कोन घेल? आनि आमच्या घरी नवी होडी पान्यात उतरल्याबिगर तिचं नावसुद्धा सांगत नाय. तुमी ऐन सुट्टीच्या तोंडावर कशाला सांगितलं? सुट्टी संपल्यावर सांगायचं होतं!”

शेठ हसले, पण कसंनुसं. “तू दिवाळीत का नाही आलीस गं?”

“आता आले ना! तो फ्लेक्स मला द्या.”

“काय करशील त्याचं?”

“मासेमारीची बंदी लागली की आमी होडी वर ओढतो, पावसासाठी शाकारतो, रंग लावतो. जुनी झाली म्हनून मोडीत नाय काढत. हिला पन तसंच झाकू. भंगारवाल्याला सांगा, दिवाळीपर्यंत थांब.”

फाटकावरून शांतारामकाका म्हणाले, “शेठ, ग्रीसचं मी बघतो. सगळी तपासणी झाल्याशिवाय कुणाला बसवणार नाही.”

शेठनी खिडकीतून डोकं बाहेर काढून फ्लेक्सकडे पाहिलं. मग म्हणाले, “दिवाळीपर्यंत. चालली तर चालली.”

मित्रांनो, नव्याची वाट जरूर बघा. मीही कधीतरी नवीच होते. पण त्याची पाटी जुन्याच्या डोक्यावर ठोकताना एकदा खाली बघा. आम्हाला फार काही नको असतं. थोडं तेल, थोडा रंग आणि डब्यात कुणाचीतरी ऊब.

शिडीवर चढून काका फ्लेक्सच्या दोऱ्या सोडत होते, तेवढ्यात रिद्धीला न्यायला मोटारसायकल आली. पुढे वामन तांडेल, मागे रिकामी टोपली घेतलेल्या हिराबाई. रिद्धी धावतच फाटकाशी गेली.

“आये, बाबा, मी ठरवलंय! यंदा बंदीत होडीला रंग तुमी लावा. मी सुरमईला लावनार!”

“आनि दहावी?” हिराबाईंनी विचारलं.

“ती पन करीन. आनि सुरमई पास झाली ना, की पहिल्या फेरीला पुढच्या डब्यात बाबा बसनार. ते पन मीच ठरवलंय!”