इस्त्री न लागणारा शर्ट

गिऱ्हाईकं लॉन्ड्रीवाल्यांना पाठीमागे 'कडक' म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं आणि ऐकून मनातून गुदगुल्याही व्हायच्या. खळ किती दाट करायची, इस्त्री कुठवर तापवायची, कॉलरची टोकं कशी दाबायची, यात त्यांची सगळी हयात गेली होती. स्वतःच्या अंगावरचा शर्टही असा की मिठी मारायला आलेला माणूस विचार बदलून नुसता हात मिळवून जाई.

अशा माणसाला लेकीनं एकदा जेवताना विचारलं, "बाबा, माझ्याबरोबर डोंगरात येता? पाठीवर सामान घेऊन चालायचं, चार दिवस."

कडकांचा घास हातातच राहिला. लेक दर उन्हाळ्यात मैत्रिणींबरोबर जायची, पण बापाला कधी विचारलं नव्हतं. आणि पुढच्या महिन्यात ती नोकरीसाठी दूर चालली होती. इतकी दूर, की इथे सकाळ असेल तेव्हा तिथे दिवे लागलेले असणार. तिच्या आईनं रडून घेतलं होतं. कडकांनी ब्र काढला नव्हता. फक्त लेकीचे होते नव्हते तेवढे सगळे कपडे, अगदी तिनं टाकून दिलेलेसुद्धा, धुऊन इस्त्री करून ठेवले होते. हे चार दिवस मिळाले तर मिळाले, नाहीतर ती विमानात बसणार आणि आपण हात हलवत राहणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं.

"येतो," ते इतक्या घाईनं म्हणाले की बायकोला ठसका लागला.

"पण एक अट आहे. रविवारी त्या बोडक्या टेकडीवर माझ्याबरोबर यायचं. पटलं तर नेईन, नाहीतर नाही. डोंगरात ऊन फार कडक असतं."

"मग बरोबर आणखी एक कडक कशाला नेतेस?" आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बापलेक शर्ट घ्यायला गेले, आणि तिथेच घोडं अडलं. लेकीचं म्हणणं साधं होतं: कापड हलकं हवं, रंग फिका हवा, अंगात ढगळ हवा आणि बाह्या पूर्ण हव्यात, म्हणजे हात भाजणार नाहीत आणि काट्यांनी ओरबाडणारही नाहीत. विक्रेत्यानं एक राखाडी शर्ट पुढे केला. पाठीला आडवी झडप, झडपेखाली जाळी, आणि वजन म्हणाल तर हातात काही आहे की नाही अशी शंका यावी. कडकांनी सवयीनं त्याचा बोळा करून मुठीत दाबला आणि मूठ उघडली. शर्ट जणू काही झालंच नाही असा सरळ झाला.

"बघितलंत साहेब?" विक्रेता खुलला. "याला आयुष्यात इस्त्री लागत नाही!"

बिचाऱ्याला काय माहीत तो कोणाशी बोलतोय. कडकांनी शर्ट असा खाली ठेवला, जसा कुणी आपल्या वैऱ्याचा फोटो उलटा ठेवावा. ज्याला इस्त्री लागत नाही तो शर्टच कसला! त्यांनी रॅकवरून पातळ सुती शर्ट उचलला, पांढरा, बारीक विणीचा.

"बाबा, सुती कापड घाम पितं आणि वाळत नाही लवकर."

"कापडाचं मला शिकवू नकोस. हवेला सुतासारखं दुसरं काही नाही."

लेकीनं तोंड उघडलं, मिटलं आणि "बरं" म्हणाली. त्या 'बरं'चा अर्थ ज्याला मुलगी आहे त्याला समजावून सांगायला नको.

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण माणूस जन्मभर जे करत आला ते महत्त्वाच्या दिवशी अंमळ जास्तच करतो. शनिवारी दुकानात गर्दी ओसरल्यावर कडकांनी तो शर्ट धुतला, खळीच्या घमेल्यात बुडवला, आणि लेकीबरोबर पहिल्यांदाच जातोय म्हणून पुन्हा एकदा बुडवला. वर अशी इस्त्री फिरवली की बायको म्हणाली, "अहो, हा एकटाच जाऊन येईल टेकडीवर. तुम्ही घरी बसा."

रविवारी पायथ्याला शर्ट अंगापासून सुटा उभा होता, आतून वारा खेळत होता आणि कडक खुशीत होते. मग चढ लागला. घाम आला. खळीत घाम मिसळला की काय होतं, हे इतक्या वर्षांत त्यांना कळलं नव्हतं, कारण खळ केलेला शर्ट घालून त्यांनी पंख्याखाली इस्त्री करण्यापलीकडे काही केलंच नव्हतं. पाठीवर डिंक झाला. त्यावर पिशवी बसली आणि तिथेच चिकटली. वरच्या अंगाला कॉलर अजून कोरडी होती, आणि ती दर पावलाला मानेवर करवत चालवत होती.

"कसं वाटतंय, बाबा?" लेक दर वळणावर विचारायची.

"झकास!" बाबा दर वळणावर सांगायचे.

माथा दिसायला लागला तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. "देखावा छान आहे," असं म्हणत ते एका दगडावर बसले. देखावा म्हणजे समोर दुसरा दगड होता.

लेकीनं येऊन त्यांच्या कॉलरचं बटण सोडलं. मान लालबुंद सोलवटली होती. त्यांची पाण्याची बाटली हलवून पाहिली, तर ठणठणीत रिकामी.

"हे कधीपासून?"

"आत्ताच जरा..."

"बाबा."

"चढ लागल्यापासून."

लेक त्यांच्यासमोर उकिडवी बसली. तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "तुम्ही चालाल हे मला माहीत होतं. दिवसभर इस्त्रीपुढे उभे असता, माझ्यापेक्षा चिवट आहात. मी चालणं बघायला आणलंच नव्हतं. तुम्हाला काही झालं तर तुम्ही सांगता का, एवढंच बघायचं होतं. थकलात तर मी थांबेन, ओझं घेईन, परत फिरेन. पण जो माणूस सांगतच नाही, त्याला घेऊन त्या उन्हात मी कशी जाऊ? मला कळेपर्यंत तुम्ही आडवे झालेले असाल."

कडकांना कळून चुकलं: हातचे चार दिवस गेले, आणि तेही एका कॉलरपायी. नेहमीसारखं "बरं" म्हणून उठायचं त्यांनी ठरवलं. उठवेना.

"मान जळतेय," ते म्हणाले.

"आणि?"

"पाठ चिकटलीये. पाणी मघाशीच संपलं, तुझ्याकडे मागायला लाज वाटली. शर्टाच्या बाबतीत तुझं बरोबर होतं." मग कॉलर मानेपासून दूर धरत म्हणाले, "आणि मला यायचंय गं."

लेकीनं आपली बाटली पुढे केली. "हळूहळू प्या. ते शर्टाचं दुकान संध्याकाळपर्यंत उघडं असतं."

तो राखाडी शर्ट कडकांनी या वेळी पिशवी पाठीवर अडकवून, हात वर-खाली करून, शिवण पट्ट्याखाली येत नाही ना ते बघून घेतला, आणि एक माप मोठा घेतला. इस्त्रीचा विषय विक्रेत्यानं काढला नाही, त्यांनीही काढला नाही.

डोंगरात मात्र त्यांनी लेकीचा शब्द अक्षरशः पाळला. बुटात खडा गेला, सांगितलं. तहान लागली, सांगितलं. माशी कानाशी गुणगुणते, गुडघा कुरकुरतो, तुझा भात कच्चा राहिला, तू घोरतेस. पहिल्याच दिवशी लेकीला वाटलं, आपण आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला. शर्टाची तक्रार तेवढी आली नाही. संध्याकाळी ते तो झऱ्यावर पिळून झुडपावर टाकत, आणि जेवण होईस्तोवर तो वाळलेला पाहून कपाळाला हात लावत.

शेवटच्या दिवशी उतारावर लेक पुढे होती. मागून आवाज आला, "अगं, ऐक."

"आता काय दुखतंय?"

"तू गेलीस की मला करमणार नाही. घरात आवाजच राहणार नाही." कडक धापा टाकत होते, पण थांबले नाहीत. "त्याला तू काही करायचं नाहीस. जा तू, गेलंच पाहिजे. सांगायचं म्हणाली होतीस, म्हणून सांगितलं."

लेक उभी राहिली. मग वाटेच्या कडेला बसली आणि बुटाची नाडी सोडू लागली. टाचेचा फोड फुटून मोजा रक्तानं माखला होता.

"हे कधीपासून?" कडक ओरडले.

"पहिल्या दिवसापासून."

"आणि मला विचारत होतीस दर वळणावर!"

त्यांनी तिचा पाय मांडीवर घेतला, पाणी ओतलं, पट्टी बांधली. लेकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि टाचेसाठी ते फारच जास्त होतं.

"मला तिकडे जायची भीती वाटते, बाबा. खूप वाटते."

"मग आधी सांगायचंस की."

"सांगतेय ना आता," लेक म्हणाली, आणि पाय तसाच त्यांच्या मांडीवर राहू दिला.