तीनदा म्हणायचा शब्द

वादळ निघून गेलं, पण धावपट्टीवर पाणी साचल्यामुळे ती दुपारभर बंद ठेवावी लागली होती. आता कुठे ती उघडली होती. वर ढगांत विमानं एकाखाली एक घिरट्या घालत होती आणि मनोऱ्यात माइकसमोर धाकटी बसली होती. तिचा थोरला भाऊ याच विमानतळावरचा वैमानिक, म्हणून इथेही सगळे तिला धाकटीच म्हणत. आत्ता तो 'सात-चार' विमानात, रांगेत पाचवा होता.

"सात-चार बोलतोय. इंधन जरा कमी आहे. आपल्या सोयीने बघावं."

त्याच्या आधी दोघांनी हेच सांगितलं होतं. इंधन भरपूर आहे असं म्हणणारा त्या दिवशी वर कोणी नव्हताच. नियम सरळ होता. ज्याच्यावर खरंच संकट आलंय त्याने 'मेडे' हा शब्द तीनदा म्हणायचा. तो ऐकला की बाकीचे बोलणं थांबवतात आणि त्याला वाट करून देतात. न म्हणणाऱ्याने रांगेत राहायचं.

"सात-चार, संकट जाहीर करता का?"

"नाही. रांगेतच राहतो. आभारी आहे."

'आभारी आहे' ऐकून धाकटीने पडद्यावर त्याचा ठिपका शोधला. लहानपणी झाडावरून पडून दादाचा हात मोडला, तेव्हा तो आईला म्हणाला होता, "जरा इकडे येता का?" सख्ख्या आईला 'येता का'. जितकं जास्त दुखणार तितका हा माणूस अदबीने बोलणार.

शेजारी कावळा बसला होता. जमिनीवरची विमानं हलवायचं काम त्याच्याकडे. आवाज असा की ते नाव त्याला कोणी ठेवलं हे विचारायची गरज पडत नसे.

"कावळ्या, त्याचं संपत आलंय."

"तो म्हणाला तसं?"

"म्हणत नाही म्हणून तर सांगतेय. मी ओळखते ना त्याला."

"ओळखतेस म्हणूनच गप्प बस. मागचं विसरलीस?"

मागच्या खेपेला त्याने इंधन संपत आल्याचं सांगितलं आणि तिने त्याला दोघांच्या पुढे काढलं. उतरल्यावर टाकीत पुरेसं निघालं. काटाच बिघडला होता. पण चौकशी झाली. त्यानंतर उपाहारगृहात तो दिसला की कोणीतरी हटकून म्हणायचं, "सरका रे, बहिणीचं विमान आलं." एकदा जेवताना तो तिला म्हणाला, "यापुढे माइकवर मी तुझा कोणी नाही. मी मागणार नाही, तू द्यायचं नाहीस." ती हो म्हणाली होती.

"सात-चार, किती मिनिटांचं इंधन आहे?"

"पुरेल असं वाटतं."

कावळ्याने मान वर केली. "आकडा का नाही सांगत हा?"

"मी विचारतेय म्हणून." धाकटीने डोक्यावरचे हेडफोन काढले. "बस इथे."

"डोकं फिरलंय का तुझं? कामावरून काढतील."

"काढू देत. बस."

तिने पडद्यावर बोट ठेवत कोण कुठे, किती उंचीवर, ते भराभर सांगितलं. कावळा शिव्या पुटपुटत खुर्चीत बसला.

"सात-चार, आता माझ्याशी बोला. किती मिनिटं?"

"बाई कुठे गेल्या?"

"उठून गेल्या. मिनिटं सांग बाबा."

"सहा. नाही, तितकीही नाहीत. उजवं इंजिन आत्ताच बंद पडलं." मग त्याच संथ आवाजात तो म्हणाला, "मेडे, मेडे, मेडे."

एक कप्तान काहीतरी सांगत होता, तो अर्ध्या वाक्यात थांबला. कावळ्याने पुढची चारही विमानं बाजूला वळवली. "सरळ ये. धावपट्टी तुझी."

धाकटीला करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. खुर्चीच्या पाठीत नखं रुतवून ती उभी राहिली. वहिनीला काय सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं. मी विचारलं गं, तो नाही म्हणाला. असं सांगायचं?

विमान ढगातून बाहेर आलं ते फारच खाली. आता डावं इंजिनही बंद, दोन्ही पंखे उभेच्या उभे. ते अलीकडच्या गवतावर आपटलं, उडालं, धावपट्टीवर पडलं आणि घसरत जाऊन आडवं थांबलं. आगीचे बंब धावले. दार उघडलं. माणसं उतरू लागली.

"सात-चार. धावपट्टी अडली आहे. सर्वांची गैरसोय झाली, क्षमा असावी."

"क्षमा मागतोय मेला," धाकटी म्हणाली.

कावळ्याने हेडफोन तिच्यापुढे धरले आणि वरच्या विमानांना दुसऱ्या विमानतळावर पाठवायला फोन उचलला.

"सात-चार, सगळे ठीक आहेत का?"

"बाई आल्या वाटतं."

"विचारलंय ते सांगा."

"एका आजोबांच्या पायाला लागलंय. बाकीचे चालत उतरले."

"आणि वैमानिक?"

"हात थरथरायचे थांबत नाहीयेत गं," तो म्हणाला.

वर अजून सगळे घिरट्या घालत होते. मध्ये कोणी बोललं नाही.