बत्तीस की सोळा

दुकानाच्या मालकिणीनं काचेच्या कपाटातून दोन चपटी पाकिटं काढून काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली. सुतारानं त्यांना हात लावला नाही. त्यानं खिशातून बायकोचा फोन काढला आणि पाकिटांच्या बाजूला ठेवला.

"सकाळी या नंबरवर फोन केलात तुम्ही," तो म्हणाला. "हा माझ्या बायकोचा. ती वारली. अडीच महिने झाले."

बाईंचा हात तोंडाकडे निघाला आणि वाटेतच थांबला.

"काकू गेल्या?"

"झोपेतच. तुम्ही म्हणालात, सामान आलंय. काहीतरी गफलत झालीय तुमची. आमच्या घरी कॉम्प्युटर नाही. तेवढंच सांगायला आलो."

बाईंनी स्टूल पुढे सरकवलं. तो बसला नाही.

"गफलत नाही हो, काका. तीन वर्षं यायच्या त्या. गुरुवारी, साडेतीनच्या सुमाराला. दारातूनच विचारायच्या, जेवलीस का गं, आणि हो म्हटलं तरी विश्वास ठेवायच्या नाहीत."

ही तीच होती, यात शंका नव्हती. पण गुरुवारी ती गुडघ्यांच्या व्यायामाला जायची. तीन वर्षांत गुडघे तसूभर सुधारले नव्हते. त्यानं एकदा म्हटलंही होतं, की बाई, तो दवाखाना तरी बदल. तेव्हा पोळी उलटता उलटता ती म्हणाली होती, थोडा फरक आहे.

सुतार स्टुलावर बसला.

"कॉम्प्युटरवर करायची काय ती?"

"गेम खेळायच्या," बाई म्हणाल्या. नोकरी करायच्या म्हणावं, इतक्या सरळपणे.

त्याला हसू आलं आणि अर्ध्यावरच मोडलं. गेम हा शब्द त्याच्या घरात सात वर्षांत कोणी उच्चारला नव्हता. मुलगा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला नापास झाला, त्या दिवशी सुतारानं मुलाचा कॉम्प्युटर उचलून चार जिने खाली नेला होता आणि कचऱ्याच्या पेटीशेजारी ठेवला होता. मुलगा त्याच्या मागोमाग खाली आला. कॉम्प्युटर परत न्यायला नाही. त्याच्या पाठीवर बॅग होती. बायको खिडकीत उभी होती आणि एक शब्द बोलली नव्हती.

"बसवायला आमचाच माणूस गेला होता," बाईंनी कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला. "हा बघा पत्ता."

पत्ता मुलाचा होता.

मग त्याला सगळं समजल्यासारखं वाटलं. मुलासाठी. गुडघ्यांचं नाव सांगून ती मुलाकडे जात होती, त्याला एकेक वस्तू जोडून देत होती, आणि नवऱ्याला तिनं ताकास तूर लागू दिली नव्हती. बत्तीस वर्षं ज्या बाईच्या शेजारी झोपलो, तिला गुरुवारी कुठे असतेस, हे खरंखुरं विचारायचं कधी सुचलंच नाही. त्यानं कपाळावरचा घाम पुसला. दुकानात पंखा चालू होता.

"परत पाठवते मी दोन्ही," बाई हळूच म्हणाल्या. "त्यांचं ठरत नव्हतं. म्हणाल्या, दोन्ही मागवून ठेव. माल यायलाच एवढे दिवस लागले; मला वाटलं, गावाला गेल्या असतील."

"थांबा. हे आहे काय?"

"मेमरी. ही बत्तीस जीबी, पण वेग जरा कमी. ही सोळाच, पण वेग जास्त. त्यांच्या मशीनमध्ये आठची एकच पट्टी आहे. गेममध्ये शहर आलं की चित्र अडखळतं, अशी तक्रार होती."

"मी सुतार आहे. मला कळेल असं सांगा."

बाईंनी काउंटरवर हात फिरवला. "तुमचा कामाचा बाक असतो ना? जीबी म्हणजे त्या बाकाची लांबीरुंदी. वेग म्हणजे हात किती भराभर चालतो ते."

"आणि लाकडाचं कोठार?"

"ते वेगळं, ती डिस्क. कोठारातून बाकावर घेतल्याशिवाय काम होत नाही."

"मग यात ठरवायचं काय?" सुताराचा आवाज एकदम नेहमीसारखा झाला. "हात कितीही चपळ असू दे. बाक वीतभर असला, की निम्मा दिवस सामान खालीवर करण्यातच जातो. म्हणून अडखळतंय ते."

"मीही तेच सांगत होते. पण काकूंचा जीव वेगात अडकला होता."

"तिचा?"

"हो, तर."

ज्या बाईला रस्ता ओलांडायला हात धरावा लागायचा, तिचा. त्यानं मोठ्या आकड्याचं पाकीट स्वतःकडे ओढलं.

"यात दोन पट्ट्या का?"

"जोडीनं लावायच्या. एक असली की एकेरी रस्ता, दोन असल्या की दुपदरी."

मुलाचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार खाली फरशीला घासत उघडलं. वरची बिजागरी ढिली आहे, हे सुताराला आधी दिसलं आणि मुलगा नंतर. स्मशानात दोघं शेजारी उभे होते, तेव्हा मुलगा फक्त "निघतो" म्हणाला होता. आता त्यानं बापाच्या मागे जिन्याकडे पाहिलं, आणखी कोणी आहे का म्हणून.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. तुझं सामान आलंय. दुकानात पडून होतं."

मुलानं पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"हे माझं नाही."

"पत्ता तुझा आहे. मशीन तुझं आहे. मी भांडायला आलेलो नाही, घे ते."

"मशीन माझं नाही. आईचं आहे." मुलगा दारातून बाजूला झाला. "तुम्ही माझं खाली नेऊन ठेवलंत, त्यानंतर मी गेमला हात लावलेला नाही. या. चपला राहू द्या."

आतल्या खोलीत खिडकीशी टेबल होतं. त्याच्या कडेला एक स्टिअरिंग पक्कं आवळून बसवलेलं होतं. खाली जमिनीवर तीन पेडल होती आणि ती सरकू नयेत म्हणून त्यांच्याखाली जुन्या साडीची घडी होती. कीबोर्डवर चष्मा होता. हा चष्मा बाजारात हरवला म्हणून त्यानंच तिला दुसरा करून दिला होता.

सुतार दाराची चौकट धरून उभा राहिला.

"ट्रक चालवायची," मुलगा म्हणाला. "अठरा चाकी. इथून माल उचलायचा, तिथं पोचवायचा. एक लाख चौदा हजार किलोमीटर झालेत तिचे."

"तुझ्या आईचे?"

"सुरुवातीला दर गुरुवारी कुठेतरी धडकायची. आता दोन वर्षांत एकदाही नाही."

लग्न झाल्यावर त्यानं तिला स्कूटर शिकवायला घेतली होती. तिसऱ्या दिवशी तिनं ती कुंपणात घातली. तुला नाही जमायचं, तो म्हणाला होता आणि किल्ली खिशात टाकली होती. त्यानंतर ती जन्मभर त्याच्या मागे बसली.

"बोलायची काही? चालवताना?"

"शिव्या द्यायची. कोणी आडवं आलं की तुमच्या सगळ्या, ओळीनं. आणि दोन तिच्या स्वतःच्या."

"कुठल्या?"

"त्या मी तुम्हाला सांगू शकत नाही, बाबा."

मुलानं कॉम्प्युटरच्या पेटीची बाजू उघडली आणि जुनी पट्टी काढली. नवी पट्टी हातात धरून तो नुसताच बसून राहिला. शेवटी त्यानं ती बापाकडे दिली. सुतारानं खाच पाहिली, फटीतला उंचवटा पाहिला. सांधा जुळतो की नाही, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. अंगठ्यानं एक टोक दाबलं, मग दुसरं. दोन्हीकडे टक् झालं. दुसरी पट्टीही तशीच बसली.

मुलानं बटण दाबलं. पंखे घुमले. पडदा काळाच राहिला.

"बिघडलं?" सुतारानं विचारलं.

"थांबा. नवी मेमरी ओळखायला वेळ घेतं ते."

दोघं काळ्या पडद्याकडे बघत राहिले. पंखे एकदा थांबले आणि पुन्हा घुमले.

"बत्तीसचीच आणलीत," मुलगा म्हणाला. "म्हणजे तुम्ही सांगितलं होतंत तिला."

"मी? मला काय माहीत होतं?"

"तिनं विचारलं होतं ना तुम्हाला. माझं ऐकेना ती. म्हणाली, तुला नाही, तुझ्या बाबांना विचारते. वस्तू कशी निवडायची, ते त्यांना कळतं."

तिनं विचारलं होतं. ताटात आमटी वाढताना, हात थांबवून. अहो, एकच निवडायला सांगितलं तुम्हाला, जागा की वेग, तर काय घ्याल? त्यानं मान वर केली नव्हती. जेवू दे, तो म्हणाला होता. आणि ती आमटीचं भांडं घेऊन आत गेली होती. आठ दिवसांनी ती वारली.

"पुढच्या गुरुवारी मी तिला विचारलं, काय म्हणाले बाबा," मुलगा सांगत होता. "तर म्हणाली, विचार करून सांगतो म्हणालेत."

सुतारानं दोन्ही तळवे गुडघ्यांवर दाबून धरले. मुलानं त्याच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

पडदा उजळला. मुलानं दोन-तीनदा क्लिक केलं. एका हमरस्त्याच्या कडेला निळा ट्रक उभा होता. दिवे बंद, चाकं सरळ, रस्त्यापासून बरोबर अंतर सोडून.

"तिनं उभा केला तसाच आहे," मुलगा म्हणाला. "मी हलवला नाही."

"कुठे निघाली होती?"

"बंदरावर. माल पोचवायला नऊ तास उरलेत."

"अरे, अडीच महिने झाले."

"इथे कोणी बसल्याशिवाय तिथली वेळ पुढे जात नाही."

सुतार उठला आणि टेबलापाशी आला. खुर्ची तिच्या उंचीला लावलेली होती. तो बसला, तसे त्याचे गुडघे टेबलाच्या कडेला टेकले. मुलानं वाकून खुर्चीच्या दांडीला हात घातला.

"राहू दे," सुतार म्हणाला. मग थोड्या वेळानं, "तू चालव. मला यातलं काही येत नाही."

"मलाही नाही येत. ती मला हात लावू द्यायची नाही."

मुलगा स्वयंपाकघरात गेला आणि एक स्टूल घेऊन आला.