मिर्तो बरी विणते

हेलिकॉन डोंगराच्या पायथ्याशी आंद्रोन नावाचा शेतकरी राहायचा, आणि त्याचा अंगरखा छातीवर कायम ओला असायचा. कुणी काही चांगलं बोललं, की देवांची वाकडी नजर पडू नये म्हणून तो गळ्यातून अंगरख्यात थुंकायचा. थुंकायचे गावात सगळेच, पण प्रसंगाला. आंद्रोन दिवसभर. ऑलिव्ह बरे लागलेत म्हणा, थू. शेळी व्याली म्हणा, थू.

त्याची मुलगी मिर्तो याच धाकात वाढली. लिडियातल्या एका विणकरणीने अथेना देवीशी बरोबरी केली आणि तिचा आठ पायांचा कोळी झाला, ही गोष्ट घरोघरी सांगत. आंद्रोनच्या घरात त्यामुळे जाळी झाडायलाही बंदी होती. न जाणो, कुणाची तरी आत्या असायची.

त्या दिवशी थेस्पियाहून फानियास आला होता, आपल्या मुलासाठी, ल्यूकोनसाठी, मिर्तोला मागणी घालायला. मिर्तोने ल्यूकोनला देवीच्या मिरवणुकीत पाहिलं होतं. तिला वाट द्यायला तो मागे सरकला, गाढवाने त्याच्या पायावर पाय दिला, आणि तो ओरडला नाही. तिला एवढं पुरेसं होतं. हे जमलं नाही तर पुढची मागणी गावातल्या बोळक्या विधुराची होती, आणि ती बाबांना पसंत पडली असती. त्या स्थळात देवांनी हेवा करावा असं काहीच नव्हतं. म्हणून ती आतल्या खोलीत मागाजवळ बसून अंगणातला शब्द न् शब्द ऐकत होती.

फानियास लोकरीचा व्यापारी. एका कानाने बहिरा, आणि दुसऱ्या कानाने जे ऐकेल ते खरं धरणारा. मुलगी विणते कशी, असं त्याने विचारलं. विणते कसली, गाठी मारते, आंद्रोन म्हणाला. स्वयंपाक? तिची जवाची भाकरी दाराला अडसर म्हणून लावतो आम्ही. स्वभाव? तो विषय नको. फानियास प्रत्येक उत्तरावर खिन्नपणे मान हलवत होता. मग त्याचं लक्ष आंद्रोनच्या खांद्यावरच्या पांघरुणाकडे गेलं. त्याने काठ बोटांत धरून चोळला.

"हे कुणी विणलं?"

मिर्तोने विणलं होतं, अख्खा हिवाळा घालवून. आंद्रोनने काठ त्याच्या बोटांतून सोडवून घेतला. "थेब्झमध्ये एक बाई आहे."

"लग्नाची आहे?"

"कोण?"

"ती बाई हो. असा हात असलेली सून मिळत असेल तर मी आत्ता थेब्झला निघतो."

आंद्रोनने घाईघाईने त्या बाईला नवरा आणि तीन मुलं दिली. फानियासने धाकट्या बहिणीची चौकशी केली. बहिणीचा आंद्रोनने एक डोळा काढून घेतला. विणायला एक पुरतो, असं म्हणून फानियास काठी घेऊन उठला.

तेव्हा मिर्तो अंगणात आली. परक्या पुरुषासमोर अशी यायची रीत नव्हती, पण रीत पाळली असती तर तो थेब्झला गेला असता.

"हे मी विणलंय," ती म्हणाली. "आणि चांगलं विणलंय."

तिच्या वाटचं थुंकायला आंद्रोनने तोंड उघडलं, पण तोंडाला कोरड पडली होती. फानियास पुन्हा खाली बसला. कोळी होणारी सून घरी नेण्यात अर्थ नाही, जरा थांबून बघू, असं तो म्हणाला. मग तिघंही थांबले. फानियासने वाडग्यातले ऑलिव्ह संपवले. मधूनच तो मिर्तोच्या पायांकडे बघायचा. दोनच होते.

"देवांना कधीकधी उशीर होतो," आंद्रोन ओशाळून म्हणाला.

"बाबा, समुद्रात जहाजं बुडतायत, कुठे कुठे लढाया चालल्यात," मिर्तो म्हणाली. "आणि अथेना ते सगळं टाकून आपल्या शेळ्यांच्या गोठ्याला कान लावून बसलीय? मी एका पांघरुणाबद्दल बोलले. तुम्हाला वाटतं, तुम्ही शिंकलात तरी ऑलिंपसवर सगळे माना वळवतात. मग माज कुणाला जास्त?"

आंद्रोनने यावर विचार केला. माझ्याकडे बघू नका, असं तो देवांना जन्मभर उठता बसता बजावत आला होता. एवढा पाठपुरावा राजेसुद्धा करत नाहीत. त्याचा चेहरा उतरला.

फानियासने दाढीतला ऑलिव्हचा तुकडा काढला. "सोयरे, पोर पसंत आहे. पण मी बापाच्या शब्दावर सून नेतो, पोरीच्या नाही. कशी विणते?"

"बरी," आंद्रोन पुटपुटला.

फानियासने मुद्दाम बहिरा कान पुढे केला.

"बरी विणते."

"वारा फार आहे. ऐकू येत नाही."

वारा अजिबात नव्हता. "चांगली विणते," आंद्रोन ओरडला, इतक्या जोरात की शेळ्या उठून उभ्या राहिल्या आणि शेजारी भिंतीवरून डोकावला.

तिघांनी वर पाहिलं. आभाळात काही नव्हतं. आंद्रोनने तरी मिर्तोला दंडाला धरून छपराखाली सारलं, स्वतः उघड्यावर येऊन उभा राहिला, आणि मग सोयरीक पक्की करायला फानियाससमोर हात केला.