आत्याच्या चटईखाली

कचेरीच्या पायरीवर वाईमोआनाने कमरेची डबी चाचपून बाहेर काढली, आकडा पाहिला आणि तिचं तोंड उतरलं. घरापासून समुद्राकाठानं ती चालत आली होती, घामानं निथळत होती, आणि डबीच्या मते बाईसाहेब जेमतेम अंगणापर्यंत गेल्या होत्या.

बेटावरच्या नुकुआलोफा शहरातल्या त्या जमिनीच्या कचेरीत दवाखान्याच्या लेसीएली सिस्टरांनी पावलं मोजायच्या या डब्या वाटल्या होत्या. कमरेला लावा, चाला, शुक्रवारी आकडा सांगा. दोन गट पाडले होते आणि हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्यांना डुक्कर भाजून घालायचं ठरलं होतं. वजन उतरवायच्या मोहिमेला बक्षीस डुकराचं! पण ते कुणाला खटकलं नाही.

"वाईमोआना, खुर्चीनं तुला दत्तक घेतलंय काय गं?" गटप्रमुख सेफिता आल्याआल्याच ओरडला. "तुझ्यापायी आमचं डुक्कर जाणार!"

सगळे खिदळले. तीही हसली, पण आतून पार खचली होती. साखरेनं तिच्या आईचा पाय गुडघ्याखालून नेला होता, आणि गेल्या तपासणीत तिची स्वतःची साखर चढलेली निघाली होती. त्या दिवसापासून तिनं भावाच्या गाडीत बसणं सोडलं. इतकं चालूनही डबी नाहीच म्हणत असेल, तर आपलेही पाय आईच्याच वाटेनं जाणार, असं तिच्या मनानं घेतलं होतं. आज सिस्टर पुन्हा रक्त तपासणार होत्या. वाईट निघालं तर डबी त्यांच्या हातात द्यायची आणि उद्यापासून गाडीनं यायचं, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं.

सिस्टरांनी बोटाला सुई टोचली, यंत्र पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"उतरलीय गं साखर. चांगली उतरलीय."

"नीट बघा सिस्टर."

"मग काय डोळे घरी ठेवून आलेय मी?"

वाईमोआना मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडायला लागली. रडता रडताच म्हणाली, "पण डबी म्हणते, मी चाललेच नाही!"

"आण बघू. कुठं लावतेस?"

"कमरेला. चटईच्या आत."

तिच्या थोरल्या आत्याला जाऊन तीन महिने झाले होते. आत्या म्हणजे मानानं बापाहून मोठी. एरवी इथं कामावर येताना सगळेच कमरेला छोटी चटई गुंडाळतात, पण आत्याच्या दुखवट्यात छातीपासून घोट्यापर्यंतची जुनी, फाटकी चटई काथ्यानं करकचून बांधायची, कचेरी असो की देऊळ. सिस्टरांनी आत हात घातला. डबी पोटाशी आडवी, गच्च दाबलेली. हलायलाही जागा नव्हती, मग मोजणार काय?

"अगं वेडे, चालताना ही हलायला हवी! सगळे चटईवरून लावतात, तुलाच काय झालं?"

"त्यांच्या चटया नेहमीच्या. ही आत्याच्या दुखवट्याची." वाईमोआनाने नाक पुसलं. "तिच्यावर प्लॅस्टिकचं खेळणं कसं लटकवू?"

सेफिता दारात उभा होता. तो म्हणाला, "जाऊ दे. डुक्कर आम्ही घालू. माझंच जरा माजलंय."

संध्याकाळी ती चालतच घरी गेली, डबी मुठीत धरून. आई ओट्यावर बसली होती. वाईमोआनाने सगळं सांगितलं, तशी आई पोट धरधरून हसली.

"तुझी आत्याच ती! जन्मभर कुणाचं कौतुक बाहेर जाऊ दिलं नाही, मेल्यावर बरी देईल!"

मग हसू ओसरलं. "चपला काढ," आई म्हणाली.

वाईमोआनाने धुळीनं भरलेले पाय पुढे केले. आईनं आधी एक मांडीवर घेतला, मग दुसरा, आणि आपल्या कुशीत जपून ठेवावेत तसे दोन्ही हातांनी झाकून धरले.

"दोन आहेत," ती म्हणाली. "माझी मोजणी झाली."